वर्गात गप्प, गाडीवर हुशार

वाचकाचं पत्र

पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला एका मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं बाहेरगावाहून आलेल्या घरांतली आहेत. कुणाचे आईवडील लातूर-नांदेडकडून येऊन बांधकामावर काम करतात, काही घरं विजापूरकडच्या वडार समाजाची, आणि सोसायटीच्या वॉचमनची दोन नेपाळी मुलं. ही मुलं प्रश्न विचारला की मान खाली घालतात. मधल्या सुट्टीत मात्र तोंडाला खळ नसतो. चाचणीच्या वेळी सर्रास एकमेकांना दाखवतात. रागावलं तर त्यांना काय चुकलं तेच कळत नाही. एक मुलगा संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या गाडीवर असतो. मी त्याच्याकडून भाजी घेतली, तर हिशेब तोंडी आणि सुट्टे पैसे चोख. वर्गात भागाकार दिला की फळ्यासमोर नुसता उभा राहतो.

मागे एका प्रशिक्षणात सांगितलं की प्रत्येक समाजाची शिकण्याची शैली वेगळी असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. मुलं तशा गटांत बसवा. माझ्या सहकारी बाई म्हणतात, ‘त्यांच्या घरात वातावरणच नाही, तुम्ही कशाला एवढा आटापिटा करता?’ मला दोन्ही पटत नाही. घरच्या संस्कृतीचा शिकण्यावर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर मी काय बदलू?

ता. क. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. ती वर्गात प्रश्नच विचारत नाही, अशी तिच्या मॅडमची तक्रार आहे.

एक शिक्षिका, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

‘रागावलं तर त्यांना काय चुकलं तेच कळत नाही,’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला हेच वाटलं. त्या मुलांना खरोखरच कळत नाही. घरात जे शहाण्यासारखं वागणं समजलं जातं, तेच ती वर्गात करतात आणि बोलणी खातात.

म्हणजे हो, घरच्या संस्कृतीचा शिकण्यावर परिणाम होतो आणि चांगलाच होतो. फक्त प्रशिक्षणात सांगितलं तसा नाही.

ते आधी निकालात काढू. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि हाताने करून शिकणारे ही वाटणी शिक्षकांच्या प्रशिक्षणांत फार लाडकी आहे. २००८ साली हॅरल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन तपासलं. मुलाची ‘शैली’ ओळखून तसं शिकवलं की ते जास्त शिकतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. अपूर्णांक सगळ्याच मुलांना डोळ्यांनी बघावे लागतात आणि कविता सगळ्यांनाच कानांनी ऐकावी लागते. ही वाटणी समाजागणिक करायची म्हटलं तर ते आणखी वाईट. वडाराच्या पोराला हातकाम आणि वरच्या आळीतल्या मुलाला पुस्तक, हे आपल्याकडे शेकडो वर्षं चाललं. नवं नाव घेऊन तेच पुन्हा वर्गात शिरणार असेल, तर ते दारातच अडवायला हवं.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी होती. त्याच निवेदनात त्यांनी म्हटलं होतं की प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत; ते लोकांत मिळून मिसळून राहतील आणि लोकांच्या गरजा, इच्छा त्यांना जास्त समजतील. शिक्षण सगळ्यांना, आणि ते देणाऱ्याला मुलाच्या घरची ओळख. तुमच्या प्रश्नाचा विचार करताना यातली एकही गोष्ट मला सोडवत नाही.

आता मान खाली का जाते ते बघू. तुमच्या-माझ्यासारख्या घरात मूल बोलायला लागलं की लगेच सुरू होतं: ‘नाक कुठंय? काऊ कसा ओरडतो? आजोबांना गाणं म्हणून दाखव बरं!’ नाक कुठे आहे हे विचारणाऱ्याला माहीत असतं. पोराला येतं का, ते चारचौघांत बघायचं असतं आणि आलं की टाळ्या वाजवायच्या असतात. दोन-अडीच वर्षांचं मूल दिवसातून कितीदा तरी ही परीक्षा देतं आणि शाबासकी घेतं. पुढे पहिलीत बाईंनी ‘हा रंग कोणता?’ असं विचारलं की त्याला हा खेळ ओळखीचा असतो.

दिवसभर स्लॅबवर राबून आलेल्या बाईच्या खोलीत प्रश्न वेगळे असतात. ‘नळ आला का?’ ‘बाळ जेवलं का?’ ‘मुकादम काय बोलला?’ विचारणाऱ्याला ठाऊक नसतं म्हणून तो विचारतो आणि मुलाच्या उत्तरावर पुढचं काम ठरतं. अशा घरातल्या मुलाला तुम्ही ‘सात आठे किती?’ असं विचारलंत, तर त्याच्या मनात पहिली शंका येते ती अशी: बाईंना तर येतंय, मग मला का विचारताहेत? उत्तर ठाऊक असूनही मोठं माणूस विचारतं, तेव्हा ते बहुतेक वेळा रागावलेलं असतं. ‘कुठं गेला होतास?’ हा प्रश्न घरी त्याच सुरात येतो. मग मान खाली जाणारच.

ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेत कॅरोलिनाच्या भागात शर्ली ब्राइस हीथ या संशोधिकेने १९७० च्या दशकात कापड गिरण्यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांत कित्येक वर्षं जाऊन मुलांशी घरात कसं बोललं जातं, याच्या नोंदी केल्या. कृष्णवर्णीय कामगारांच्या एका वस्तीत तिला दिसलं की मोठी माणसं मुलांना ‘हे काय आहे?’ असं फारसं विचारतच नाहीत. ती विचारतात, ‘हे कशासारखं दिसतंय?’ किंवा ‘काय झालं तिथं?’ हीच मुलं शाळेत मुकी होती आणि शिक्षिकांना वाटत होतं की यांना साधे प्रश्नही कळत नाहीत.

पुढे काय केलं ते तर तुम्हाला उद्याच करून बघता येईल. त्या शिक्षिकांनी मुलांच्या ओळखीच्या जागांचे फोटो वर्गात आणले आणि घरी विचारतात तसे प्रश्न विचारले: इथे काय चाललंय? तू इथे गेलायस का? तिथे तू काय केलंस? मुलं बोलू लागली. ते बोलणं टेपवर घेतलं. मग हळूहळू त्याच फोटोंवरचे शाळेच्या पद्धतीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्या टेपमध्ये घातली. मुलं ती ऐकत गेली आणि शाळेचे प्रश्नही त्यांना जमू लागले. क्रम लक्षात घ्या. आधी मुलाच्या ओळखीच्या तऱ्हेने बोलणं, मग शाळेची तऱ्हा. पहिलीवरच थांबलं नाही, आणि दुसरीपासून सुरुवातही केली नाही.

तुमच्याकडे मोबाइल आहे. राजाराम पूल, भाजीच्या गाड्या, मुलं राहतात तिथली साइट, सार्वजनिक नळ यांचे फोटो काढा. ‘सेंट्रिंग काढतात तेव्हा आधी काय करतात?’ असं विचारा. तुम्हाला हे खरोखरच माहीत नसणार आणि मुलाला ते लगेच कळतं. बाईंना माहीत नसलेलं आपल्याला सांगता येतं, एवढं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी मान वर असते.

इथे एक गोष्ट पुण्याबद्दल सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे फार मुलं गप्प होतात. आपल्याला आपल्या बोलण्याचा अभिमान असतो. लातूरचं पोर ‘बाई, पानी लई सांडलं’ म्हणालं की वर्गातून हसू येतं आणि आपण नकळत ‘पाणी म्हण, पाणी’ करतो. त्याला पाणी सांडल्याचं सांगायचं होतं. सांगितल्याबद्दल त्याला मिळाली ती दुरुस्ती. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा तो बोलत नाही आणि आपण प्रगतिपुस्तकात ‘सहभाग कमी’ असं लिहितो. मूल काही सांगत असताना त्याचा उच्चार सुधारू नका. शुद्धलेखनाच्या तासाला जरूर सुधारा, तेव्हा सगळ्यांचाच सुधारायचा असतो. वडार घरांत तेलुगूच्या वळणाची बोली चालते, शिवाय त्या मुलांना कन्नड कळतं, मराठी कळतं. नऊ वर्षांच्या ज्या मुलाला तीन भाषांत व्यवहार करता येतो, त्याला भाषा जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय. तुमच्या वर्गात चार भाषा असतील तर ते जसंच्या तसं शक्य नाही. पण गटात आपसांत बोलताना मुलांनी कुठल्याही भाषेत बोलावं, एवढी मुभा तर तुम्ही आजही देऊ शकता.

आता ‘एकमेकांना दाखवतात’ या तक्रारीकडे येते. तुम्ही एखाद्या मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन बघा. भाकरी कशी थापायची हे दहा वर्षांच्या मुलीला कुणी समोर बसवून समजावलेलं नसतं. ती कितीतरी दिवस परातीशेजारी बसून बघत असते. मग एक दिवस आई छोटा उंडा तिच्याकडे सरकवते. वाकडी भाकरी होते, कडा फाटते, आई काही न बोलता बोटाने ती कड जुळवते आणि तव्यावर टाकते. घरातलं सगळं असंच शिकलं जातं: दुसऱ्याचं बघून, मध्येच हात लावून, कुणी अडलं तर त्याला हात देऊन. अडलेल्याला न सांगता गप्प बसणं हा तिथे कोतेपणा ठरतो.

बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेत ग्वाटेमालातल्या माया या मूळ रहिवासी समाजातल्या मुलांचं असंच शिकणं पुष्कळ वर्षं अभ्यासलं. त्यांनी आणि मारिसेला कोरेया-चावेझ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एका मुलाला खेळणं करायला शिकवलं जात होतं आणि त्याचं भावंड शेजारी नुसतं बसलं होतं. आपली पाळी नसतानाही लक्ष देऊन बघणं आणि नंतर ते खेळणं कमी मदतीत करणं माया मुलांना युरोपीय वंशाच्या अमेरिकन मुलांपेक्षा जास्त जमलं. पण यातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्या माया मुलांच्या आया शाळेत जास्त शिकल्या होत्या, त्यांच्यात हे बघणं कमी होतं. म्हणजे ही रक्तातून येणारी गोष्ट नाही. घरात रोज काय चालतं त्यावर ती ठरते आणि घर बदललं की तीही बदलते. कुणी ‘या समाजाची मुलं अशीच असतात’ म्हणालं, तर त्यांना हे जरूर सांगा.

म्हणून एकाला समजावताना दुसरं मूल वाकून बघत असेल, तर ‘तू तुझं बघ’ म्हणू नका. ते शिकतंय. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या मूळ रहिवाशांच्या राखीव क्षेत्रात सूझन फिलिप्स यांनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा त्यांनाही तुमच्यासारखंच चित्र दिसलं होतं. सगळ्यांसमोर एकट्याला उभं करून विचारलं की मुलं गप्प. पण आपापल्या गटात काम दिलं किंवा मुलाला स्वतःहून बाईंच्या टेबलाशी जाऊन बोलता आलं की तीच मुलं मोकळी. त्यांच्या घरात आधी पुष्कळ बघायचं, मग एकांतात करून बघायचं आणि जमल्याची खात्री झाली की मगच दाखवायचं, अशी रीत होती. आपल्या फळ्यासमोर नेमकं उलटं होतं: न येणारी गोष्ट चारचौघांसमोर करून चुकायचं. हवाईमध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एका शैक्षणिक प्रकल्पात तर शिक्षिकांनी वाचनाच्या तासाला मुलांना एकमेकांच्या बोलण्यात बोलू दिलं, घरी गप्पा रंगतात तसं. कॅथरिन आऊ यांनी त्या तासांचा बारकाईने अभ्यास केला. अशा गप्पांत मुलं धड्याबद्दल जास्त आणि नेमकं बोलत होती. आपल्याकडे भोंडल्याचं गाणं एकटीने कोण म्हणतं? दोन-तीन मुलांनी मिळून उत्तर द्यायचं, एवढा बदल तुमच्या वर्गात लगेच होण्यासारखा आहे.

पण चाचणी ही चाचणी. तिथे दाखवादाखवी चालू दे, असं मी म्हणणार नाही. या मुलांना उद्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचंय, पुढे दहावी आहे, आणि तिथे शेजारी कुणी नसणार. आपली चूक एवढीच होते की हा नियम आपण कधी सांगतच नाही. शाळेलाही स्वतःची संस्कृती असते. हात वर करून बोलायचं, एकट्याने लिहायचं, माहीत असलेलं विचारलं तरी उत्तर द्यायचं. आपली घरं शाळेसारखीच असल्यामुळे आपल्याला ती दिसत नाही. ज्यांची घरं वेगळी आहेत त्यांना ती उघड शब्दांत सांगायला हवी. ‘शिकताना एकमेकांना मदत करायची, ती चांगली गोष्ट आहे. चाचणीत मात्र मला प्रत्येकाचं वेगळं बघायचंय, म्हणजे कुणाला काय शिकवायचं राहिलंय ते मला कळेल.’ एवढं सांगा आणि दोन्ही वेळा दिसायलाही वेगळ्या ठेवा. शिकताना बाकं एकमेकांकडे, चाचणीला फळ्याकडे. मुलं हे चटकन शिकतात.

भाजीवाल्या मुलाबद्दल वाचताना मी थांबले, कारण त्याच्यासारखी मुलं जगभर आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांचे सहकारी गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले. गाडीवर विचारलेल्या हिशेबांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. एका बारा वर्षांच्या मुलाला दहा नारळांचे किती, असं विचारलं. नारळ ३५ चा. त्याने शून्य जोडलं नाही. तो म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीनचे २१०, अजून चार हवेत, म्हणजे ३१५... ३५०. नंतर आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला, तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या साध्या गणितांत अडत होती. शाळेतली, बाजाराचा अनुभव नसलेली मुलं कागदावर बरी होती आणि बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. हे दुसरं वाक्य तुमच्या सहकारी बाईंना वाचून दाखवा. वातावरण दोन्हीकडे होतं. एकाकडून दुसऱ्याकडे नेणारं कुणी नव्हतं.

तुम्ही त्याला विचारा: गवार ८० रुपये किलो असेल तर पाऊण किलोचे किती? तो बहुधा म्हणेल, पाव वीसला, अर्धा चाळीसला, पाऊण साठला. तो म्हणेल तसंच फळ्यावर लिहा, एकाखाली एक. मग शेजारी ८० भागिले ४ लिहा आणि त्यालाच विचारा, यातलं वीस तुझ्या हिशेबात कुठे आलं? तो बोट ठेवेल. एकेकाळी आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची उजळणी पाठ करून घेत. बाकीच्या वर्गाला ती पुस्तकातूनही मिळालेली नाही, त्याला ती रोज संध्याकाळी मिळते. मात्र इथेही तोंडी हिशेबावर थांबू नका. ‘त्याला व्यवहार जमतो, पुरे’ ही कौतुकाची भाषा त्याला आयुष्यभर गाडीवरच ठेवेल. ९७३ भागिले १४ बाजारात कुणी विचारत नाही, शाळेत विचारतात, आणि ते त्याला आलंच पाहिजे. डिसेंबरात शाळेत आनंदबाजार भरत असेल तर त्याच्या गाळ्यावर दोन ‘हुशार’ मुलांना मदतनीस म्हणून द्या आणि दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून जमाखर्च वहीत मांडायचा. तोंडी त्याने सांगावं, मांडणी त्यांनी दाखवावी.

पाठांतराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं. हल्ली घोकंपट्टी म्हणून त्याला नावं ठेवायची पद्धत आहे. तुमच्या वर्गात वारकरी घरातलं एखादं पोर हरिपाठ न अडखळता म्हणत असेल. चिनी विद्यार्थ्यांबद्दल १९९० च्या दशकात फेरेन्स मार्टन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की तिथे पाठ करणं आणि समजणं ही एकमेकांविरुद्धची कामं मानली जात नाहीत. पुन्हा पुन्हा म्हणताना अर्थ उलगडत जातो, असं तिथले शिक्षक मानतात. पाठ करणाऱ्या मुलाला थांबवू नका. पाठ झाल्यावर त्याला एक प्रश्न विचारा, एवढंच.

इतकं सगळं सांगितल्यावर एक भीती वाटते. ‘वडार मुलं गटात शिकतात, मराठवाड्यातली बघून शिकतात, नेपाळी शांत असतात,’ असा तक्ता करून कुणी भिंतीवर लावेल. क्रिस गुटिएरेझ आणि रोगॉफ यांनी २००३ साली याबद्दलच सावध केलं होतं: समाजाला गुणधर्म चिकटवू नका, या मुलाने आजवर काय काय केलंय, कशात भाग घेतलाय ते बघा. एकाच खोलीतली दोन सख्खी भावंडं वेगळी असतात. मोठीने धाकट्यांना सांभाळलेलं असतं, धाकटा टीव्हीवर कार्टून बघत वाढलेला असतो. तुमच्याकडे जे काही लिहिलेलं असेल ते मुलाच्या नावापुढे असावं, जातीपुढे किंवा गावापुढे नको.

त्यासाठी घरी जायला हवं. सगळ्यांच्या एकदम नाही, दिवाळीनंतर आठवड्याला एक-दोन घरं. आपल्या महाराष्ट्रात याचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे हे काम कोसबाडला गेलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले घेतले. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर नेली आणि तिला नाव पडलं कुरणशाळा. तुम्हाला फक्त साइटवरच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत जायचंय. तिथे मुलाच्या चुका सांगू नका. ‘हा घरात काय काय करतो? कुणाकडून शिकला?’ असं विचारा आणि वहीत टिपून घ्या.

तिथे आई तुम्हाला म्हणेल, ‘बाई, आम्हाला काय कळतंय, तुम्हीच बघा, मारा पण शिकवा.’ ही बेपर्वाई समजू नका. शिकवणं हे बाईंचं काम, आपण त्यात लुडबुड करायची नाही, असा त्यात आदर आहे. पुण्यातले काही पालक दर आठवड्याला शाळेत येऊन भांडतात आणि आपण त्यांना ‘जागरूक’ म्हणतो. ही आई वर्षभर येत नाही आणि तिच्या घरात ‘वातावरण नाही’ असं ठरतं. तिला करता येईल असं काहीतरी सांगा. रात्री स्वयंपाक करताना मुलाने आज काय शिकला ते तिला तिच्या भाषेत सांगायचं, तिने ऐकायचं आणि न कळलेलं विचारायचं. तिला खरोखरच माहीत नसेल, म्हणून तो प्रश्न मुलाला आपला वाटेल.

प्रशिक्षणातले तीन गट करू नका. मुख्याध्यापकांनी विचारलं तर वर लिहिलंय ते स्पष्ट सांगा, मुलं मिसळून बसवते म्हणा.

आता तुमच्या लेकीचं. ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ हे आपण घराघरांत शिकवतो आणि मग शाळेत तिने हात वर करावा अशी अपेक्षा धरतो. तिचं गप्प बसणं म्हणजे विचार न करणं नव्हे. हीजंग किम यांनी २००२ साली स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना कोडी सोडवताना मनातलं मोठ्याने बोलत राहायला सांगितलं. पूर्व आशियाई वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांची कामगिरी त्यामुळे खालावली, युरोपीय वंशाच्यांची नाही. तुमची लेक पूर्व आशियाई नाही, म्हणून हे तिला जसंच्या तसं लावू नका. पण बोलणं आणि विचार करणं सगळ्यांच्या बाबतीत जोडीने चालतं असं नाही, हे तिच्या मॅडमना सांगायला हरकत नाही. त्यांना विनंती करा की तिला आधी लिहायला दोन मिनिटं द्यावीत, मग विचारावं. आणि घरी, जेवताना, तिने तुम्हाला किंवा तिच्या बाबांना ‘पण असं का?’ म्हटलं तर त्याला उलट बोलणं म्हणू नका. उत्तर माहीत असेल तर द्या, नसेल तर माहीत नाही म्हणा आणि दोघी मिळून शोधा. घरी आधी जमू दे, शाळेत त्यानंतर जमेल.

फोटोंचा प्रयोग कसा झाला आणि त्या मुलाने भागाकार कसा मांडला, ते मला जरूर लिहा.